ओल्या चैत्रातली चांगुणा

चांगुणाला माहेरी परत येऊन इतकी वर्षं झाली होती, की ती कधीकाळी सासरी नांदायला गेली होती हेच कुरुंद्यातली निम्मी माणसं विसरून गेली होती. तिला सेनगाव तालुक्यातल्या साखऱ्याला दिलं होतं. मूलबाळ झालं नाही, नवऱ्यानं दुसरी आणली, आणि एका दिवाळीला माहेरपणाला आलेली चांगुणा परत गेलीच नाही. न्यायला कुणी आलं नाही आणि पाठवायची घाई इकडंही कुणी केली नाही. बाप होता तोवर बापाच्या आणि बाप गेल्यावर मायच्या सोबतीनं तिचे दिवस निघून गेले. हंगामात हळद काढायला, शिजवायला जायचं. एरवी निंदणी, खुरपणी, कापूस वेचणी. उंच, हाडकुळी, भराभर चालणारी बाई. बोलणं मोजकं. पण कुणाच्या घरात बाळंतीण असली, म्हातारं माणूस अंथरुणाला खिळलं, की चांगुणाला बोलावणं यायचं. तिला कशाची किळस येत नाही, असं बायका म्हणायच्या.

मग तिची स्वतःचीच माय पडली.

नर्मदाबाई पहाटे चुलीवर पाणी ठेवायला उठली ती तिथंच कलंडली. लकवा. उजवं अंग गेलं आणि वाचाही गेली. तिचा धाकटा भाऊ विजयकुमार पुण्याकडं, चाकणच्या कंपनीत होता. तो रजा टाकून आला, नांदेडच्या दवाखान्यात आठवडाभर बाकड्यावर झोपला, मायला घरी आणलं, तिच्यासाठी चांगला सागवानी पलंग आणला आणि जाताना बहिणीला म्हणाला, "अक्का, तूच बघ आता. माझ्यानं तिकडं होणार न्हाई. काय लागंल ते मी धाडत जातो."

त्यानं शब्द पाळला. औषधं, गादी, चादरी, सगळं वेळच्या वेळी येत राहिलं. बाकीचं चांगुणानं पाहिलं.

कसं पाहिलं ते गावानं बघितलं होतं. मायला घास डाव्या गालाकडून द्यायचा, कारण उजवीकडून ठसका लागायचा. कूस बदलायची. अंग पुसून, पावडर लावून पाठ कोरडी ठेवायची. तीन वर्षं एकाच पलंगावर पडलेल्या त्या म्हातारीच्या अंगावर एक व्रण उठला नव्हता. नर्मदाबाईच्या तोंडून फक्त "अं" निघायचं. दुसऱ्याला ते एकसारखंच वाटायचं, पण चांगुणाला पाण्याचं "अं" वेगळं, कूस बदलायचं वेगळं आणि उगाच जवळ बस म्हणायचं वेगळं ऐकू यायचं. गावात चार शब्द न बोलणारी ही बाई मायजवळ बसली की दिवसभराचं सगळं सांगायची. कुणाची म्हैस व्याली, कुणाच्या सुनेनं काय घातलं. माय डाव्या हातानं तिचा पदर धरून ऐकत राहायची.

त्या वर्षीचा फाल्गुन काही कोरडा गेलाच नाही. होळीची लाकडं धुमसत राहिली, पेटली नाहीत. मग गारा झाल्या. एक दिवस ऊन, दोन दिवस आभाळ, की पुन्हा भुरभुर. शिजवलेली हळद वाळत घालायची आणि ढग दिसला की झाकायची, यातच लोकांचा जीव मेटाकुटीला आला. चैत्र लागला तरी भिंतींची ओल उतरेना. चांगुणाचं घर जुनं. पुढची खोली फरशीची, मागची भिंत मातीची. सारवलेलं चार-चार दिवस वाळत नव्हतं. बोट लावलं तर बोटाला माती यायची.

आणि जमीन अशी भिजली की तिच्यातले जीव बाहेर पडतात. त्यांना तरी कोरडी जागा नको का? आधी मुंगळे आले, उंबऱ्याखालून. मग रांजणामागं गोम निघाली. चौकटीवरून उधईची, वाळवीची, मातकट नळी वर चढायला लागली. चांगुणा सकाळी खराट्यानं पाडायची, दोन दिवसांनी ती पुन्हा तिथंच. गव्हाला ऊन दाखवावं तर ऊन नाही, म्हणून कोठीत सोंडे झाले. दिवा लावला की कसले कसले पंखांचे किडे पिठासारखे खाली सांडायचे. पाल खाऊन खाऊन जड झाली होती, तिला भिंतीवर नीट पळताही येत नव्हतं. एरवी हे सगळं मृगानंतरचं. या वर्षी आंब्याला कैऱ्या लागायच्या दिवसांतच घर असं भरून गेलं. चांगुणा कडुनिंबाचा पाला जाळायची, पण धुरानं मायला खोकला लागायचा, म्हणून तेही सोडून दिलं.

बाकी किड्यांचं तिला काही वाटलं नाही. तांबड्या मुंग्या आल्या तेव्हा मात्र ती घाबरली.

एका सकाळी मायच्या उशीवर तिला त्या दिसल्या. बारीक, लालभडक, उशीच्या कडेनं ओळ धरून चाललेल्या. मायच्या ओठाच्या कोपऱ्यात रात्रीच्या पेजेचा कण राहिला होता, त्याच्या वासानं निघाल्या होत्या. चांगुणानं उशी झटकली, चादर बदलली, आणि पलंगाचे चारही पाय पाण्यात ठेवले. दोन पायांना जुन्या वाट्या, एकाला चेपलेला डबा, एकाला कुंडीखालची बशी. मुंग्या भिंतीतून यायच्या, वाटीच्या काठापर्यंत जायच्या आणि परत फिरायच्या. चांगुणा जेवतानाही तिकडं बघत राहायची. "बघ माय, गेल्या बघ परत," म्हणायची, आणि माय डोळे मिटून घ्यायची.

पाणी ठेवलं तसे डासही आले, पण ते कुठून येतात याकडं तिचं लक्ष गेलं नाही. गावभरच डास होते. मायवर मच्छरदाणी होती.

करुणा आली ती त्याच दिवसांत. करुणा म्हणजे गावातली आशाताई, बुद्धविहारामागच्या गल्लीत राहणारी, तिशीची, तुरुतुरु चालणारी पोरगी. गावात तापाची साथ होती म्हणून ती घरोघर साठवलेलं पाणी तपासत फिरत होती. रांजण बघितला, बाहेरची टाकी बघितली आणि मग मोबाईलची बॅटरी लावून पलंगाखाली वाकली.

"मावशी, हे काय ठेवलंय?"

"मुंग्यांसाठी. मायला लागतेत."

करुणानं डबा उजेडात ओढून दाखवला. पाण्यात बारीक काळ्या अळ्या वर-खाली होत होत्या. "हे बघा. वळवळून राहिल्या. पाणी कव्हा बदललं होतं?"

चांगुणाला आठवेना. वरून घालत होती ती, पालथं केलं नव्हतं.

"करुणा, मी बदलते आता. पण ते काढू नको बाई."

"मावशी, पलीकडच्या आळीतल्या मुन्नाचं लेकरू डेंगूनं नांदेडला ॲडमिट हाय. डोळे उघडत न्हाई ते. तुमच्या मायला एक डास चावला अन् ताप आला, तर तिला सोसंल का?"

चांगुणानं पलंगावरच्या मायकडं बघितलं.

"मग मुंग्यांचं काय करू?"

"आजचा दिवस वाट्या घासून उन्हात पालथ्या घाला. कोरड्या झाल्या की अळ्या मरतेत. सांजच्याला मी गॅरेजवरून जळकं ऑइल आणते. पाण्यावर थेंबभर टाकलं की डास बी न्हाई अन् मुंग्या बी न्हाईत." मग ती नर्मदाबाईकडं वळून मोठ्यानं म्हणाली, "बराबर ना, माय?"

दोघींनी मिळून पलंगाचा एकेक पाय उचलला; एकीनं पाय धरला, दुसरीनं खालची वाटी काढली. चांगुणानं चारही पायांभोवती हळदीचं जाड रिंगण घातलं. त्या दिवशी सकाळी ऊन चांगलं पडलं होतं.

दुपारी तिनं मायला गुळाची लापशी भरवली, तोंड पुसलं आणि तिला डाव्या कुशीवर वळवायला घेतलं. सकाळपासून उताणीच होती ती. डाव्या कुशीवर वळवलं की मायचा चालता हात अंगाखाली अडकायचा; तो पुढं ओढून उशीवर ठेवावा लागायचा. रोजचं होतं ते. चांगुणानं खांद्याला धरून मायला वळवलं, पाठीशी लोड लावला, आणि तेवढ्यात दारातून खेमाची हाक आली.

खेमा शेजारचाच. चांगुणाची दोन एकर तोच बटईनं करायचा आणि शिजवलेली हळद शेतात पसरून होती. "अक्का, आभाळ फुटायला आलंय! घरात दुसरं कुणीच न्हाई माझ्या. चार हात लागतेत, पळ लवकर!"

तिनं बाहेर बघितलं. पश्चिमेकडं सगळं काळंनिळं झालं होतं. त्या हळदीला आधीच दोनदा पाऊस लागला होता. तिनं मायच्या अंगावर चादर ओढली, "आलेच गं माय," म्हणाली आणि निघाली.

शेत लांब नव्हतं. दोघांनी फावड्यानं हळद ओढली, ढीग केले, ताडपत्री टाकली. वारा असा सुटला की ताडपत्री हातात टिकेना. एका कोपऱ्यावर दगड ठेवावा तर दुसरा उडायचा. पाऊस कोसळला तेव्हा चांगुणा ताडपत्रीच्या टोकावर बसून होती, स्वतःच्या वजनानं ती दाबून. खेमा दुसऱ्या टोकाला. मध्येच गारा लागल्या. वारा पडल्यावर ती उठली आणि चिखलातून पळत सुटली.

दारातूनच तिला दिसलं. मागच्या भिंतीतून निघालेली लाल रेघ फरशीवरून पलंगापर्यंत गेली होती. हळदीचं रिंगण ओलीनं दमट होऊन चिखलासारखं बसलं होतं आणि मुंग्या त्याच्यावरून सरळ चालत होत्या. मायच्या तोंडावर, डोळ्यांच्या कडांना, कानात, मानेच्या वळीत मुंग्याच मुंग्या. माय जागी होती. डोळे गच्च मिटलेले, सगळं तोंड आवळलेलं, आणि घशातून एक बारीक, सलग आवाज चालू होता. तीन वर्षांत चांगुणानं तो आवाज कधी ऐकला नव्हता. मायचा डावा हात तिच्याच अंगाखाली दबलेला होता.

चांगुणा ओरडली. तिच्या ओरडण्यानं गल्ली जमा झाली. कुणी पाणी आणलं, कुणी फडकी ओली केली. चांगुणा मायला उचलून अंगणात घेऊन आली, तिथंच पावसाच्या थेंबांत मांडीवर घेऊन तिच्या पापण्यांमधून एकेक मुंगी काढत राहिली. बायका आसपास "अगं माय, अगं माय" करत उभ्या होत्या. त्याच गर्दीत कुणीतरी फोटो काढला. कुणी, ते चांगुणाला कधीच कळलं नाही आणि तिनं विचारलंही नाही.

संध्याकाळी ऑइलची बाटली घेऊन करुणा आली तेव्हा मायला दवाखान्यातून सुई देऊन आणलं होतं. एक डोळा सुजून बंद झाला होता. करुणा दाराशीच थांबली. हातातली बाटली तिनं पदराआड घेतली.

"बस," चांगुणा म्हणाली. पण ती बसली नाही.

दुसऱ्या दिवशी विजयकुमार आला. मित्राची गाडी घेऊन रातोरात निघाला होता. दाढी वाढलेली, डोळे लाल. पलंगाजवळ जाऊन मायच्या तोंडावरून त्यानं हात फिरवला. मग बहिणीकडं वळला.

"अक्का, ही दशा?"

"विजू, खेमानं हाक मारली. हळद भिजत होती..."

"भिजली असती तर भिजली असती! हळद मोठी का माय मोठी?" त्याचा आवाज चढला आणि लगेच बसला. "कंपनीतल्या एका पोरानं मला मोबाईलवर फिरणारा फोटो दाखवला, अक्का. त्याला माहीत बी नव्हतं ही माझी माय हाय म्हणून. बघ म्हणला, तुमच्या हिंगोलीकडं म्हाताऱ्या माणसाचे असे हाल करतेत."

चांगुणानं मान खाली घातली. वाटीचं, करुणाचं, डेंगूचं सगळं सांगता आलं असतं. तिला वाटलं, सांगून काय, आपण गेलोच काहून? आणि त्या हाताचं तर तिला कुणालाच सांगता येण्यासारखं नव्हतं. मुंग्या तर भिंतीतून आल्या होत्या, पाऊस आभाळातून आला होता. पण तो हात तिनं ठेवला होता तसा राहिला होता.

"मी हिला घेऊन चाललो," विजयकुमार म्हणाला. "चौथ्या मजल्यावर घर हाय. तिथं मुंगी न्हाई अन् गोम न्हाई."

"मग मी बी येते."

"दोनच खोल्या हायत, अक्का. पोरांची शाळा. प्रियंकानं एक बाई बघून ठेवलीय, शिकलेली हाय ती ह्याच कामाची." आणि मग चांगल्या मनानंच म्हणाला, "तू बी थकली असशील. जरा आराम कर."

त्यानं शिव्या दिल्या असत्या तर तिनं ऐकून घेतल्या असत्या. त्या 'आराम कर'वर ती उठली आणि मायची लुगडी पिशवीत भरायला लागली.

मायला मागच्या सीटवर आडवं घातलं. चांगुणा खिडकीशी वाकून सांगत होती: डाव्या गालाकडून भरव, पाणी चमच्यानं दे, पाठ कोरडी ठेव, सांजच्याला तिच्याजवळ कुणीतरी बसत जा. विजयकुमार "व्हय, व्हय" म्हणत होता. गाडी चालू झाली, गल्लीच्या तोंडापर्यंत गेली आणि आतून मायचा आवाज आला.

"थांबव, विजू!" चांगुणा मागं धावली. "तिला पाणी पाहिजे!"

गाडी थांबली. चांगुणानं घरातून तांब्या-चमचा आणला आणि मायला हळूहळू पाणी पाजलं. माय पाच-सहा चमचे प्याली. विजयकुमार मान वळवून बघत होता. त्याला तो आवाज पाण्याचा आहे हे कळलंच नव्हतं. मग गाडी गेली.

त्यानंतर आठवड्याभरातच आभाळ उघडलं. ऊन असं तापायला लागलं की भिंती खडखडीत वाळल्या, सारवणाला भेगा पडल्या. उधईची नळी वाळून आपोआप गळून पडली. मुंग्या कधी गेल्या ते कळलंही नाही. चांगुणानं एकदा सगळं घर झाडून काढलं तेव्हा रिकाम्या पलंगाखाली तिला एकही जीव दिसला नाही. ती तिथंच झाडू घेऊन बसून राहिली.

करुणा दोन-चार दिवस तिच्या गल्लीतून गेलीच नाही. मग एका संध्याकाळी आली. म्हणाली, "मावशी, मायला बघायचंय का? माझ्या फोनवर दिसतं." चांगुणाजवळ साधा फोन होता. करुणानं विजयकुमारला फोन लावला. पांढऱ्या स्वच्छ चादरीवर, पंख्याखाली माय दिसली. सूज उतरली होती. पण गाल आत गेले होते.

विजयकुमारची बायको प्रियंका फोनवर आली. थकलेली वाटली. "अक्का, त्या तोंडच उघडत नाहीत हो. बाईकडूनही नाही, माझ्याकडूनही नाही. चमचा नेला की दात आवळतात. मी काय करू सांगा."

"फोन तिच्या कानापाशी धर," चांगुणा म्हणाली. आणि मग मोठ्यानं, "माय. ए माय. आ कर बघू."

नर्मदाबाईनं तोंड उघडलं.

"घाला पटकन! डाव्या गालाकडून!"

प्रियंकानं घास घातला. चांगुणा इकडून सांगत राहिली. मुन्नाचं लेकरू घरी आलं, खेमाची हळद निम्मी काळी पडली, वरच्या आळीत लग्नाचा मांडव पडलाय. माय घास गिळत राहिली. फोन बंद झाला तेव्हा करुणाच्या गालांवरून पाणी वाहत होतं.

मग तेच ठरून गेलं. करुणा दिवसभराचं काम आटोपून संध्याकाळी चांगुणाच्या ओट्यावर यायची, फोन लावायची, आणि तिकडं माय जेवायची. सकाळचं मात्र जमायचं नाही. तिकडं सगळ्यांची शाळेची, कंपनीची घाई, इकडं करुणाची फेरी. कधी रेंज नसायची. कधी फोन लागायचा पण माय झोपेत असायची. हळूहळू तिनं आवाजाकडं मान वळवणं सोडलं. चांगुणा "आ कर" म्हणायची आणि मायचे ओठ नुसते हलायचे. एका संध्याकाळी विजयकुमारनंच सांगितलं, आता नळी घातलीय, नळीतूनच देतात. "त्रास न्हाई तिला," तो म्हणाला, पण त्यानं फोन मायकडं वळवला नाही.

वैशाखात निरोप आला. लगेच निघ म्हणून. चांगुणा वसमतला जाऊन मिळेल त्या गाडीत बसली, पण ती पोचायच्या आधीच माय गेली होती. सोसायटीतली माणसं खाली खुर्च्या टाकून बसली होती. उन्हाळ्याचे दिवस, लवकर उचलायला पाहिजे असं जो तो म्हणत होता. विजयकुमार एकालाही दाद देत नव्हता. "माझी बहीण आल्याबिगर मायला हात लावायचा न्हाई," एवढंच तो म्हणत राहिला होता. ती रिक्षातून उतरली तसा तो तिच्या गळ्यात पडला, लहानपणी शाळेतून रडत यायचा तसा.

मायला आंघोळ घालायचं चांगुणानं बाकीच्या बायकांना करू दिलं नाही. प्रियंकाला तेवढं सोबत घेतलं. मायला कुशीवर वळवलं तेव्हा तिला दिसलं. कमरेच्या खाली, माकडहाडावर, तळहाताएवढी जखम. कडा काळ्या पडलेल्या. प्रियंकानं तोंड फिरवलं. "अक्का, आम्ही खूप केलं हो. मलम, गादी, डॉक्टर..."

चांगुणानं जखम कोमट पाण्यानं धुतली, कोरडी केली, पावडर लावली, जणू मायला अजून ती झोंबणार होती. मग नवं लुगडं घट्ट गुंडाळलं. तिला राग यायला हवा होता. भावाला हात धरून आत आणावं, दाखवावं, विचारावं, मी कुठं चुकले ते सांगितलंस, आता तू सांग, असं काहीतरी तिच्या मनात आलं असेल. पण तिला प्रियंकाचे हात दिसत होते, रोज चादरी धुऊन सोललेले.

बाहेर आल्यावर विजयकुमारनं हळूच विचारलं, "अक्का, तिला काही तकलीफ झाली नसंल ना गं? तुला कळतं तिचं. तू बघितलंस ना?"

"न्हाई रे," चांगुणा म्हणाली. "शांत गेलीय."

विजयकुमारनं मान हलवली, पुन्हा पुन्हा हलवली. तिनं त्याच्या पाठीवरून हात फिरवला.

दहावं-तेरावं होईपर्यंत ती तिथं राहिली. पुढंही राहा असं दोघं नवराबायको मनापासून म्हणाले. पोरंही तिला चिकटली होती. पण चौथ्या मजल्यावर तिला करायला काही नव्हतं, आणि बसून खाण्याची तिला सवय नव्हती. ती कुरुंद्याला परत आली. मृगाचा पाऊस पडून गेला होता, पेरण्या चालल्या होत्या. खेमा दारात येऊन उभा राहिला. "मी हाक मारली नसती तर..." म्हणाला. ती म्हणाली, "जाऊ दे, खेमा." गल्लीतल्या बायका एकेक करून येऊन बसून गेल्या. सुटली बिचारी, म्हणाल्या. चांगुणानं सगळ्यांना चहा केला.

श्रावणात करुणाची सासू कमलबाई अंगणात घसरून पडली. मांडीचं हाड मोडलं. नांदेडला सळई टाकून आणलं, पण दोन महिने पलंगावरून उतरायचं नाही असं डॉक्टरांनी बजावलं होतं. करुणाचा नवरा कामाला बाहेरगावी, करुणाला गावभर फेरी. ती चांगुणाकडं आली आणि उंबऱ्याशीच बसली.

"मावशी, तुमी येऊन बसाल का दिवसाच्या टायमाला? दुसरं कुणी..."

"मला इचारती?" चांगुणा म्हणाली. "गावानं फोटो बघितलाय, करुणा. अन् तू मला इचारती?"

"तुमालाच इचारते. तुमच्याशिवाय कुणाला इचारू?"

विहारामागच्या गल्लीत चांगुणाच्या गल्लीतल्या बायका कामाला जात नाहीत, हे दोघींनाही माहीत होतं. काहींनी नाकं मुरडली असती, आणि पुढं मुरडलीही. पण चांगुणाच्या मनात ते नव्हतं. तिला स्वतःच्या हातांची भीती वाटत होती.

दुसऱ्या दिवशी ती गेली. कमलबाई काळी, ठेंगणी, खणखणीत आवाजाची म्हातारी. चांगुणानं तिचं अंग पुसायला घेतलं तशी ती बोलायला लागली, ती थांबेचना. पाणी गार हाय, जरा ऊन कर. अशी नको वळवू, तशी वळव. चहात साखर काहून घातली न्हाई, मला काय साखरेची बीमारी हाय का? मग दुष्काळात खडी फोडायला गेली होती ते सांगितलं, मग नवऱ्याच्या दारूचं, मग पोराच्या लग्नातल्या रुसव्याचं. आजारी माणूस इतकं बोलतं याची चांगुणाला सवयच राहिली नव्हती. ती नुसती "व्हय" म्हणत राहिली.

"तू मुकी हायस का गं?" कमलबाईनं शेवटी विचारलं.

"न्हाई," चांगुणा म्हणाली.

"मग बोल की काहीतरी. दिवसभर माझंच ऐकून मला कटाळा आलाय."

चांगुणानं टॉवेल पिळून दोरीवर टाकला, स्टूल ओढून पलंगापाशी बसली, आणि गल्लीत आज काय काय झालं ते, अडखळत, सांगायला लागली.